तहानेआधीची विहीर

मराठी घरात आल्यागेल्याला पाणी विचारायची पद्धत जुनी आहे. पाण्याविषयी सल्ला द्यायची पद्धत तिच्याहूनही जुनी असावी. पाणी बसून प्यावं, उभ्यानं प्यायलं की गुडघे जातात. जेवणाआधी पिऊ नये, भूक मरते. जेवताना पिऊ नये, अग्नी मंद होतो. जेवल्यावर लगेच पिऊ नये, अन्न पचत नाही. उन्हातून आल्या आल्या पिऊ नये, फळांवर पिऊ नये, शेंगदाण्यांवर तर मुळीच नको, खोकला लागतो. रात्री पिऊ नये, झोपमोड होते. एवढी पथ्यं पाळून दिवसाचा जो काही वेळ उरेल, त्यात तीन लिटर पाणी पोटात गेलं पाहिजे, हेही तीच माणसं सांगतात. हे गणित सोडवायचं तर पहाटे उठून तांब्याभर पाणी एका दमात संपवण्यावाचून गत्यंतर नाही. उषःपानाचा शोध बहुधा असाच लागला असावा.

हल्ली या कामाला यंत्रंही जुंपली आहेत. बाजारात पारदर्शक बाटल्या मिळतात. त्यांच्या अंगावर सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंतच्या रेघा असतात आणि प्रत्येक रेघेशेजारी शाबासकी. आमच्या एका स्नेह्यांचा मोबाइल दर तासाला थेंब पडल्याचा आवाज करतो. मग बैठकीत साहेब बोलत असोत वा शेजारी कुणी रडत असो, ते शांतपणे दोन घोट घेतात. आरोग्यासाठी म्हटलं की कुणी आक्षेप घेत नाही. त्यांची दुपार मात्र खुर्चीत कमी आणि खुर्ची ते प्रसाधनगृह या रस्त्यावर जास्त जाते. तो रस्ता चालण्याची पावलंही तोच मोबाइल मोजतो, त्यामुळे ते दुहेरी समाधानी आहेत.

या सगळ्याच्या बुडाशी ‘रोज आठ ग्लास’ हा आकडा आहे. ग्लास कुठला, ते कुणी सांगत नाही. आपल्या मांडणीवर फुलपात्र आहे, पेला आहे, स्टीलचा उंच ग्लास आहे, लग्नात आहेर आलेला आणि कुणीच न वापरलेला काचेचा संच आहे. आठ फुलपात्रं पिणारा आणि आठ लस्सीचे ग्लास पिणारा यांच्यात निदान दोन माणसांचं अंतर पडेल. मूळ हिशोबातला ग्लास अमेरिकी, सुमारे २४० मिलिलिटरचा. तसे आठ म्हणजे दोन लिटरला जरा कमी.

या आकड्याचं मूळ बऱ्याचदा १९४५ सालच्या एका शिफारशीत दाखवलं जातं. अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळानं तेव्हा म्हटलं होतं, की मोठ्या माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी पुरे. त्यातलं बहुतेक पाणी शिजवलेल्या अन्नातूनच मिळतं, असंही तिथंच लिहिलं होतं. जगानं आकडा पाठ केला आणि पुढचं वाक्य ऑप्शनला टाकलं. हाइन्झ व्हाल्टिन या मूत्रपिंडाच्या अभ्यासकांनी २००२ मध्ये जुने कागद धुंडाळले. निरोगी, बैठं काम करणाऱ्या, समशीतोष्ण हवेत राहणाऱ्या माणसानं आठ ग्लास प्यायलेच पाहिजेत, याला शास्त्रीय आधार त्यांना सापडला नाही. ‘समशीतोष्ण’ या अटीवर मे महिन्यातल्या नागपूरकरांनी आणि चंद्रपूरकरांनी खुशाल हसावं. त्यांचा ग्लास वेगळा आहे. पुढे २००४ च्या अमेरिकी शिफारशीत पुरुषांसाठी ३.७ आणि स्त्रियांसाठी २.७ लिटर असे आकडे आले. पण ते एकूण पाण्याचे. त्यातला साधारण पाचवा हिस्सा अन्नातून येतो आणि उरलेल्यात दूध, ताक, सरबत, सगळं धरलेलं आहे.

चहासुद्धा. ही बातमी आमच्या एका काकांना सांगितली तेव्हा त्यांनी पेपर खाली ठेवला. “म्हणजे माझे आठ दुपारच्या आतच होतात की!” असं म्हणून त्यांनी काकूंकडे विजयी मुद्रेनं पाहिलं आणि लगेच नववा मागितला. त्यांचं पोषणशास्त्र फारसं चुकलेलं नाही. आपला स्वयंपाकच मुळात पाणीदार. वरण, आमटी, कढी, पिठलं. शिजलेल्या भातातही निम्म्याहून जास्त पाणीच असतं. काकडीची कोशिंबीर तर चावून खायचं पाणी.

घरात बसलेल्या माणसाच्या पाण्याचा हिशोब ठेवायला शरीरानं स्वतःचा कारकून नेमलेला आहे. रक्ताचा दाटपणा एकदोन टक्क्यांनी वाढला, की मेंदूच्या तळाशी बसलेल्या हायपोथॅलॅमसला ते कळतं. तो मूत्रपिंडांना पाणी राखायला सांगतो आणि आपल्याला तहान लावतो. लघवी फिकट पिवळी असली की समजायचं, हिशोब जुळलेला आहे. ही सगळ्यात सोपी, फुकट आणि खात्रीची तपासणी. पण आपल्याकडे तिच्याविषयी बोलायला माणसं डॉक्टरांसमोरही लाजतात. “तसं सगळं व्यवस्थित आहे,” एवढंच सांगून विषय हवापाण्यावर नेतात. वय झालं की मात्र हा कारकून पेंगायला लागतो. शरीर कोरडं पडलं तरी आजोबांना तहान लागत नाही. म्हणून त्यांना पाणी विचारत राहावं आणि ते ‘नको’ म्हणाले तरी भांडं पुढे करावं. मुतखडा झालेल्यांना डॉक्टर भरपूर प्यायला सांगतात, हृदय किंवा मूत्रपिंड अधू झालेल्या काहींना मोजून प्यायला सांगतात. त्यांनी डॉक्टरांचं ऐकावं. बाकीच्यांनी तहान लागली की उठावं, माठाशी जावं, प्यावं. विषय मिटला.

विषय पुन्हा सुरू होतो तो डोंगरात.

ट्रेकच्या सूचनांत टॉर्च, टोपी आणि सुका खाऊ यांच्या आधी ओळ असते: ‘प्रत्येकानं किमान तीन लिटर पाणी आणावं.’ एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, हे शाळेत दशमान पद्धतीत शिकलेलं असतं. त्याचा खरा अर्थ पहिल्या चढावर कळतो. उन्हात चढताना तासाला अर्धा लिटर घाम सहज जातो, चढ खडा असेल तर लिटरभरही. म्हणजे पाच तासांच्या वाटेला अडीच ते पाच लिटर पाणी हवं. तेवढं पाठीवर घेतलं की वजनानं घाम वाढतो, घाम वाढला की पाणी जास्त लागतं, आणि जास्त पाणी म्हणजे पुन्हा वजन. या चक्रातून सुटायला माणसं आपापले मार्ग काढतात.

एक जण सगळं ओझं मुकाट वाहतो. दुसरा पायथ्याच्या टपरीवर अर्ध्या लिटरची बाटली घेतो आणि म्हणतो, “मला फारशी तहानच लागत नाही.” हे खरंच असतं, कारण तो वाटेत पहिल्याचं पाणी पीत असतो. तिसरा काटकसरी. पुढे लागेल, पुढे लागेल म्हणून घोटाघोटानं ओठ ओले करत तो गड चढतो, उतरतो आणि दोन लिटर पाणी जसंच्या तसं पायथ्याला परत आणतो. डोकं ठणकत असतं, जीभ टाळूला चिकटलेली असते, पण बाटली भरलेली असल्याचा अभिमान असतो. जाणते लोक सांगतात, की बाटलीत राखलेल्या पाण्यापेक्षा पोटात गेलेलं पाणी कामाचं. मध्यमवर्गीय मनाला ते पटत नाही.

त्यातून सह्याद्रीची हवाही फसवी. कोकणातून घाट चढताना घाम नुसता निथळतो. हवा दमट, त्यामुळे तो वाळत नाही. वाळत नाही म्हणून अंग गार होत नाही. गार होत नाही म्हणून शरीर आणखी घाम काढतं. पावसाळ्यात वरून धो धो कोसळत असताना पाणी प्यायची आठवण कुणाला राहते? माणूस बाहेरून चिंब आणि आतून कोरडा, असा गडावर पोचतो.

हे ऐकून भडाभडा पाणी पिणारेही असतात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम सामान्य पातळीखाली गेलेलं निघालं. त्यातल्या बऱ्याच जणांचं वजन शर्यत धावून वाढलं होतं, इतकं ते प्यायले होते. मूत्रपिंडं तासाला फार तर लिटरभर पाणी बाहेर टाकू शकतात. त्यापुढचं पाणी रक्त पातळ करतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळ ही लक्षणं पाणी कमी पडल्यासारखीच दिसतात आणि शेजारचा मित्र काळजीनं आणखी एक बाटली तोंडाला लावतो.

आपले ट्रेकर या संकटातून बहुधा नकळत वाचतात, कारण ते अखंड खात असतात. चिवडा, भडंग, लोणचं-पोळी, तिखटमीठ भुरभुरवलेली काकडी, शिवाय गडावर पोचलं की “दादा, ताक घ्या, उन्हाचं बरं असतं” म्हणणाऱ्या मावशी. सिंहगडावर रविवारी जाणाऱ्या पुणेकरांना व्यायामाचा फायदा किती होतो हा वादाचा मुद्दा आहे, पण मीठ त्यांना भजी-पिठल्यातून व्यवस्थित मिळतं. लिंबाच्या सरबतातली साखर आणि मीठ यांचं तर शास्त्रच आहे. साखर सोबत असली की आतडं मीठ झटकन आत घेतं आणि मिठामागून पाणी जातं. याच तत्त्वावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीच्या रोग्यांना मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि मृत्यूंचं प्रमाण ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आणलं.

पण डोंगरातला खरा प्रश्न किती प्यावं हा नाहीच. पाणी आहे कुठे, हा आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्याच सह्याद्रीत मार्चअखेरीस ओढ्यांतून धोंडे चालत आल्यासारखे पडलेले असतात. काळा कातळ पाणी फारसं मुरू देत नाही आणि उतार त्याला थांबू देत नाही. कोकणात नाहीतर देशावर, मिळेल त्या बाजूनं ते निघून जातं. म्हणून जुन्या माणसांनी कातळ फोडून टाकी केली. शिवनेरीवर गंगा-जमुना, सिंहगडावर देवटाकं, नाणेघाटात लेण्याशेजारची टाकी. कित्येक टाक्यांत छत पेलायला कातळाचेच खांब राखले आहेत, म्हणजे उन्हानं पाणी उडू नये. खोदून निघालेला दगड तटाच्या कामी आला. कान्हेरीला टाकं दान केल्याचे ब्राह्मी लेख आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी स्वतःला कधीच न दिसणाऱ्या वाटसरूच्या तहानेवर पैसे खर्च केले. त्या मानानं आपण सोसायटीच्या दारात उन्हाळ्यापुरता माठ ठेवतो आणि पेल्याला साखळी बांधतो.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, ही म्हण आपण आळशी मुलांना ऐकवतो. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात ते किल्ल्यांचं धोरणच करून टाकलं. गडाची जागा ठरवताना आधी पाणी बघा. नसेल आणि जागा सोडता येत नसेल, तर कातळ फोडून टाकी बांधा. एका झऱ्यावर विसंबू नका, कारण लढाईत तोफांच्या हादऱ्यानं झरे आटतात. जास्तीची टाकी ठेवा आणि ते पाणी रोजच्या खर्चाला काढू नका. मावळ्यानं दिवसाला किती ग्लास प्यावे, याबद्दल पंत काही सांगत नाहीत. तहान त्याची तो बघेल. पाणी कुठे असेल, हे राज्यानं बघायचं.

मला यातच सगळ्या वादाचा निकाल दिसतो. तहान शहाणी आहे. शरीराला केव्हा, किती पाणी हवं ते तिला कुठल्याही मोबाइलपेक्षा बरं कळतं. पण पुढचं टाकं किती लांब आहे, ते एप्रिलपर्यंत टिकतं की होळीलाच आटतं, त्यात माकडं डुंबून गेली आहेत का, हे तिला कळत नाही. प्यावं तहानेला विचारून, न्यावं नकाशाला विचारून. घरी तहान आणि पाणी यांतलं अंतर दहा पावलांचं असतं, म्हणून घरात आकड्यांची गरज नाही. डोंगरात ते अंतर तासांचं होतं. आकडा लागतो तो तिथं, आणि तोही पोटाच्या नव्हे, पिशवीच्या मापाचा.

नकाशाहून भरवशाचं म्हणजे पायथ्याचं गाव. आदल्या रात्री मुक्कामाच्या घरी विचारावं, “मावशी, वाटेत पाणी कुठं मिळेल?” घरातल्या पाण्याचा प्रत्येक हंडा डोक्यावरून आणणाऱ्या त्या बाईला तालुक्याच्या कार्यालयापेक्षा जास्त माहिती असते. कुठलं टाकं प्यायचं, कुठलं गुरांचं, कुठल्या झऱ्याला यंदा धार नाही, हे ती भाकरी थापता थापता सांगते. तिचा शब्द न् शब्द खरा मानावा. फक्त “हे काय, खिंडीच्या वर हाय की, लगेच,” असं ती म्हणाली, तर बॅगेत आणखी एक लिटर टाकावं. ते ‘लगेच’ तिच्या पायांनी मोजलेलं असतं.