गिअर टाकायचा कोणी?

ट्रकच्या पाठीवर घर बांधून लडाखला जायचं, यावर ताईचं आणि दाजींचं एकमत होतं. पलंग आडवा की उभा, ओटा उजवीकडे की डावीकडे, हेही एका संध्याकाळी मिटलं. घोडं अडलं ते गिअरच्या दांड्यापाशी. दाजींना तो हवा होता, ताईला नको.

दाजी ॲम्बॅसिडरवर शिकलेले. ‘‘डावा पाय देवानं शोभेला दिलाय का?’’ हा त्यांचा मुद्दा.

‘‘अहो, माझा डावा गुडघा सिंहगड रोडच्या ट्रॅफिकनं केव्हाच खाल्लाय,’’ हा ताईचा.

शेवटी, विकत घेण्याआधी वापरून बघू, म्हणून ओळखीतून एक मॅन्युअल गिअरचा, फोर बाय फोर, वयस्कर ट्रक मागून आणला आणि आम्ही मनाली गाठलं. अटल बोगदा 2020 साली सुरू झाल्यापासून रोहतांगचा घाट टळतो. नऊ किलोमीटर सरळसोट रस्ता. सगळं जग त्या बोगद्याचे आभार मानतं. दाजी मात्र एवढे गिअर बुडाले म्हणून हळहळत होते.

त्यांची भरपाई झिंगझिंगबारच्या पुढच्या नाल्यानं केली. दुपारी वर बर्फ वितळतं आणि नाले फुगतात, म्हणून ते सकाळीच ओलांडायचे असतात. आम्ही जिस्पाला दुसऱ्यांदा पोहे करण्यात सकाळ घालवली होती. अशा पाण्यात लो रेंजचा गिअर आधीच टाकायचा, क्लचवरून पाय काढायचा आणि एकसारखं पुढं जायचं. दाजींना हे तोंडपाठ. त्यांच्या डाव्या पायाला माहीत नव्हतं. पुढचं चाक धोंड्याला अडलं, पाय सवयीनं क्लचवर गेला, हाफ क्लचवर इंजिन गुरगुरलं आणि केबिनमध्ये जळका, आंबूस वास भरला. क्लच प्लेट फ्लायव्हीलवर घसरत राहिली की इंजिनाची ताकद चाकाकडे न जाता प्लेट भाजण्यात जाते, ही माहिती मी सांगायला घेतली, पण ऐकण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं. मागच्या ट्रकमधले सरदारजी पाण्यातून चालत आले, खिडकीत डोकावले आणि म्हणाले, ‘‘पैर नीचे रखो, बाऊजी.’’ ट्रक निघाला. ताई पुढचे दोन तास काही बोलली नाही. दाजींना ते बोलण्याहून झोंबलं.

मॅन्युअलच्या बाजूनं दाजींचा हुकमी एक्का म्हणजे ढकलस्टार्ट. बॅटरी बसली तरी गाडी ढकलून सुरू करता येते. ऑटोमॅटिकला ती सोय नाही. सरचूला 14 हजार फुटांवर पहाटे बॅटरी खरोखरच गारठली. सगळ्यांनी मागून जोर लावला. ट्रक जागचा हलला नाही. आम्ही मात्र एकेक करून रस्त्यावर बसलो. एवढ्या उंचीवर माणसाला स्वतःलाच ढकलावं लागतं. शेवटी दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला वायर जोडून काम भागलं.

गाटा लूप्सची एकवीस वळणं दाजींनी गिअर न बदलता, एकट्या दुसऱ्या गिअरमध्ये काढली. ‘‘मग दांडा हवाय कशाला?’’ ताईनं वळणावळणाला विचारलं.

पांगच्या तंबूत मॅगी खाताना एक जर्मन जोडपं भेटलं. त्यांचा मॅन कंपनीचा अजस्र ट्रक, आत नहाणीघरसुद्धा. गिअरबॉक्स टिपमॅटिक, म्हणजे गिअर आपोआप बदलणारा. ताईचा चेहरा फुलला. पण गृहस्थ म्हणाले, वाळू किंवा चिखल आला की ते गिअर हातानंच धरून ठेवतात. कारण ही पेटी गिअर बदलताना क्षणभर ओढ सोडते आणि मऊ जमिनीत तेवढ्यात ट्रक रुततो. म्हणजे दांडेवाले दाजी गिअर बदलत नव्हते आणि बिनदांड्याचे जर्मन गिअर हातानं सांभाळत होते. दोघं पुरुष एकमेकांकडे फार प्रेमानं बघत होते.

खरी गोम इथंच आहे. ट्रकमध्ये ऑटोमॅटिक म्हणून जे मिळतं, त्यात बऱ्याचदा आत साधीच मॅन्युअल पेटी असते. क्लच दाबायला पायाऐवजी आणि गिअर टाकायला हाताऐवजी संगणक, इतकंच. प्लेट तीच, जळण्याची सोयही तीच. अस्सल ऑटोमॅटिक म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचं, ॲलिसन बनवते तसं. त्यात ताकद तेलातून जाते, सुटताना जोर वाढवून मिळतो, आणि नाल्यात कुणाचा पाय कुठं आहे यानं काही बिघडत नाही. तेल तापतं, त्याला कूलर चांगला लागतो आणि पेटी महाग. ती बिघडली तर लॅपटॉपवाला माणूस लेहच्या वाटेवर बसलेला नसतो. क्लच प्लेट बदलणारा मात्र पाना घेऊन कुठं ना कुठं सापडतो.

म्हणून माझा कौल असा. हिमालयात फिरायचं आणि खिसा बेताचा, तर मॅन्युअल. गुडघा दुखत असेल आणि पैसे असतील, तर टॉर्क कन्व्हर्टर. मधल्या संगणकी पायासाठी जादा पैसे मोजू नका. विक्रेता ‘ऑटोमॅटिक आहे, साहेब’ म्हणाला, की चहा घेण्याआधी एवढंच विचारा: इंजिन आणि पेटीच्या मध्ये क्लच प्लेट आहे की टॉर्क कन्व्हर्टर?