सांभाळण्याचा हिशेब मांडा

अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याला महिनाभर सांभाळायला किती पैसे लागतात? धामणगाव बढे गावात कुठल्याही गल्लीत विचारा. दुधाचे किती, गोळ्यांचे किती, मोठ्या माणसाचे डायपर केवढ्याला पडतात, दवाखान्यात न्यायचं तर गाडीवाला किती घेतो, आणि या सगळ्यापायी घरच्या बाईची निंदणीची किती दिवसांची मजुरी बुडाली, हे एका दमात सांगणारी माणसं भेटतील. सरकारनं दर ठरवताना मात्र त्यांना कुणी विचारत नाही.

गावात ज्याला निराधारचा पगार म्हणतात, ते संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेचं अनुदान 2019 पर्यंत 600 रुपये होतं. मग 1000 झालं आणि 2023 मध्ये 1500. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाचा वाटा ऐंशीच्या आतल्या माणसासाठी 200 रुपये आहे. 2007 मध्येही तो 200 होता. तेव्हापासून तेल, डाळ, औषध, एसटीचं तिकीट सगळं कुठल्या कुठे गेलं, पण हे दोनशे जागचे हलले नाहीत. 2025-26 साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये ठरली. म्हणजे म्हाताऱ्याच्या अख्ख्या महिन्याची किंमत पाच दिवसांच्या मातीकामाइतकीही नाही.

आणि पात्रतेची अट पाहा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत हवं. 312 रुपयांनी 68 दिवस काम केलं की 21,216 रुपये होतात आणि घर अपात्र ठरतं. त्या वर्षी रोजगाराची हमी मात्र शंभर दिवसांची होती! हमी पूर्ण घेतली तर पगार जातो, पगार हवा तर हमी सोडायची किंवा उत्पन्नाच्या दाखल्यावर खोटं लिहायचं. गरीब माणसाला खोटं बोलायला लावणारी अट ज्यांनी वर्षानुवर्षं तशीच ठेवली, त्यांनी बोगस लाभार्थ्यांच्या नावानं ओरडू नये.

दिव्यांगांचं अनुदान 2025 मध्ये 2500 झालं, ही चांगली गोष्ट. पण झालं कसं? नेते बच्चू कडू जूनमध्ये गुरुकुंज मोझरीला अन्नत्यागाला बसले, मागणी सहा हजारांची होती, आणि त्यानंतर हजाराची वाढ जाहीर झाली. सहा हजार का, अडीच हजार का, याचं गणित सरकारनं लोकांपुढे मांडलं नाही. दर उपोषणानं हलतो, खर्चानं हलत नाही. ज्याला अंथरुणातून उठताच येत नाही, त्यानं कुठल्या मंडपात जाऊन बसायचं?

या सगळ्यात सांभाळणारीचं नाव कुठेच नाही. ती बायको असते, सून असते, कधी शाळा सुटलेली नात. रात्री चारदा उठून कूस बदलणारी, चादरी धुणारी, भरवणारी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये, जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तीसाठी काळजीवाहू भत्त्याची तरतूद लिहिलेली आहे. केरळनं ‘आश्वासकिरणम’ योजनेतून घरच्या सांभाळणाऱ्याला महिना 600 रुपये द्यायचं ठरवलं. रक्कम तुटपुंजी आहे, पण सांभाळणारीचं काम सरकारी कागदावर काम म्हणून तरी चढलं. त्याच केरळात 2008 च्या धोरणानंतर ग्रामपंचायती स्वतःच्या निधीतून नर्स नेमतात, आणि ती घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमा धुते, नळी बदलते. ग्रामपंचायतीला हे झेपत नाही, असं म्हणणाऱ्यानं आधी तिकडे बघावं.

खर्च मोजण्याचंच बघायचं तर, इंग्लंडमध्ये घरी येऊन म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या संस्थांना किती दर द्यायचा, हे तिथली स्थानिक परिषद ठरवते. तिथेही दर कमी म्हणून दरवर्षी भांडणं होतात. पण 2022 मध्ये तिथल्या सरकारनं प्रत्येक परिषदेला काळजी पुरवणाऱ्यांकडून खरा खर्च गोळा करायला लावलं: मजुरी, प्रवास, रजा, सगळं. पैसे पुरेसे मिळाले असं नाही, पण सरकारी दर आणि खरा खर्च यांतलं अंतर तरी लेखी आलं. आपल्याकडे ते अंतर सुनेच्या पाठीवर आहे.

निराधारचा दर ग्रामपंचायतीच्या हातात नाही, हे मान्य. पण तिचे हात अगदीच बांधलेले नाहीत. घरपट्टी-पाणीपट्टीतून येणाऱ्या स्वतःच्या उत्पन्नाचा पाच टक्के वाटा दिव्यांगांवर खर्च करणं ग्रामपंचायतीवर बंधनकारक आहे. हा पैसा मार्चअखेर घाईघाईनं सगळ्यांना सारखा वाटून टाकणं म्हणजे नियोजन नव्हे. ज्याचा एक पाय अधू आहे पण दुकान चालवतो तो, आणि ज्याला पाणीसुद्धा दुसऱ्यानं पाजावं लागतं तो, यांची गरज एक नाही. आणि पक्षाघातानं पडलेल्या माणसाकडे प्रमाणपत्र नसेल तर तो या यादीत येतच नाही. प्रमाणपत्रासाठी त्यालाच उचलून बुलढाण्याला न्या म्हणणं ही क्रूरता आहे. डॉक्टरांनी त्याच्या दारात यावं.

धामणगाव बढे ग्रामपंचायतीला आणि मोताळा तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीला माझं सरळ सांगणं आहे. गावात अंथरुणाला खिळलेली माणसं किती आहेत, त्यांना कोण सांभाळतं, महिन्याचा खर्च किती, बुडालेली मजुरी किती, हे आशाताईंना आणि बचत गटाच्या बायांना सोबत घेऊन, त्यांना त्याचा मोबदला देऊन, लिहून काढा. पाच टक्के निधीत या वर्षी किती जमा आणि किती खर्च, तो आकडा फलकावर लावा. मग येत्या ग्रामसभेत ठराव घ्या: 21 हजारांची अट वाढवा, सांभाळणाऱ्याला भत्ता द्या आणि दर दरवर्षी महागाईशी जोडा. ठरावासोबत तो घरोघरचा खर्च जोडून पंचायत समितीमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवा. आणि सभेत त्या खर्चाचं वाचन सरपंचानं नव्हे, सांभाळणाऱ्या बाईनं करावं.