टॉर्च

जुनी लेन्स बघणाऱ्याच्या हातात टॉर्च देऊ नये, असं माझं ठाम मत झालंय. मोबाइलला दिवा आला आणि माझे सगळे मित्र दातांचे डॉक्टर झाले. लेन्स हातात आली की ‘आ’ कर म्हणून आत उजेड मारायचा आणि मान हलवायची.

माझ्या पन्नास मिलिमीटरच्या सुपर-टाकुमार लेन्सकडे बघून एक जण म्हणाला, “ही चहा पिते का रे?” खरंच, काच पिवळी पडली होती. तिच्या काही भिंगांत थोरियम मिसळलेलं असतं. त्याने काच प्रकाश जास्त वळवते, पण ते किरणोत्सारी असल्यामुळे वर्षानुवर्षं काच आतून पिवळी करत राहतं. उपाय घरगुती आहे: ऊन. मग एप्रिलमध्ये चांदीचा कागद अंथरून लेन्स गच्चीवर ठेवली. शेजारी आईच्या कुरडया. तिच्या कापडाला भिंगाने भोक पडू नये म्हणून मी दर तासाला वर जात होतो. तिसऱ्या दिवशी आईने विचारलं, “हे किती दिवस वाळवायचं?” कुरडया चार दिवसांत डब्यात गेल्या, लेन्सला जून उजाडला.

दुसऱ्या एका लेन्सच्या काचेत बुडबुडा आहे, हवेचा, मोहरीहून लहान. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या, जर्मनीतल्या येनाच्या चांगल्या काचेतही असे बुडबुडे राहून जात. हिशेब केला: तीस मिलिमीटरच्या काचेत तीन दशांश मिलिमीटरचा बुडबुडा, म्हणजे क्षेत्रफळाचा दहाहजारावा भाग. त्याहून कितीतरी जास्त उजेड आपण पापणी लवताना गमावतो. शिवाय तो फोकसच्या बाहेर असतो, फोटोत उमटतच नाही. पण टॉर्चवाल्याला तोच दिसतो.

बुरशीचं मात्र मी हसण्यावारी नेत नाही. पावसाळ्यात कोपऱ्यात कोळिष्टकासारखा धागा दिसला की बुटांच्या खोक्यांतल्या सिलिकाच्या पुड्या शोधत फिरतो. ती नुसती बसत नाही, काचेवरचा मुलामा खाते.

उन्हं खाऊन निवळलेल्या त्या लेन्सने पहिला फोटो आईचा काढला, दारात उभी असताना. तिने चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला.

“केस फारच पांढरे आलेत,” ती म्हणाली. “तुझ्या त्या भिंगात काहीतरी खोट आहे. टॉर्च मारून बघ.”