मेंबरसाहेब

मिशनच्या प्राथमिक शाळेत पगार न घेता येणारी मोठी माणसे तीन प्रकारची : नातवाला सोडायला आलेले आजोबा, खिचडीची चव बघायला बोलावलेली आई आणि मेंबरसाहेब. पहिली दोघे काम झाले की निघतात. मेंबरसाहेब समितीवर असल्यामुळे त्यांच्या निघण्याला वेळ नसते.

इंग्लंडात अशा माणसाला शाळेचा गव्हर्नर म्हणतात. चर्चच्या शाळांत चर्चने नेमलेले असे बिनपगारी गव्हर्नर असतात आणि मुख्याध्यापकाच्या नेमणुकीपासून अंदाजपत्रकापर्यंत त्यांचे मत लागते. आपल्याकडे गव्हर्नर मलबार हिलवर राहतात. जालन्यात मेंबरवर भागते.

या मेंबराची वंशावळ मोठी आहे, निदान तो तशी सांगतो. 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री स्कॉटिश मिशनच्या कामासाठी जालन्यात आले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी शहराजवळ बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसवले. मेंबरसाहेबांचे प्रत्येक भाषण बेथेलपासून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. शेषाद्रींना गाव वसवताना कोरमची वाट पाहावी लागली होती का, हा प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही.

समितीत माणसे येतात ती ठरलेल्या वाटांनी. पास्टरसाहेब पदामुळे येतात. मंडळीतले एक वडील येतात (हे ‘वडील’ म्हणजे मंडळीने निवडलेला पदाधिकारी; बाप असण्याची अट नाही). मिशन हॉस्पिटलातून निवृत्त झालेले एक जण असतात. त्यांच्या मते शाळेच्या सगळ्या अडचणींचे मूळ मुलांच्या नखांत असते. बियाण्यांच्या कंपनीतून निवृत्त झालेले दुसरे, त्यांना पहिलीचा प्रवेश म्हणजे उगवणक्षमतेचा प्रश्न वाटतो. उरलेले पालक. त्यातल्या बायका सभेत फारशा बोलत नाहीत. त्यांच्यापैकी एकीने कधीतरी ‘खिचडीत डाळ पातळ असते’ एवढेच म्हटलेले असते, आणि अंमलबजावणी झालेला वर्षातला एकमेव ठराव तोच.

मेंबरसाहेबांचे अधिकार हा नाजूक विषय आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आणली. तीत पाऊण सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. 2012 च्या दुरुस्तीने अल्पसंख्याकांच्या शाळांत या समितीचे काम सल्ला देण्यावर आणले. हा घाव दुसऱ्या कोणाच्या जिव्हारी लागला असता. मेंबरसाहेबांना मात्र आपण जन्मभर जे करत आलो त्याला संसदेने मान्यता दिली असेच वाटले. पुढे 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना हा कायदाच लागू होत नाही असा निकाल दिला, म्हणजे सल्ल्याची सक्तीही गेली. ही बातमी मेंबरसाहेबांपर्यंत पोचवण्याचे धाडस शाळेत कोणी केलेले नाही.

सभा शनिवारी, शाळा सुटल्यावर, तिसरीच्या वर्गात भरते. बाक तिसरीच्या मापाचे असल्याने सभासदांचे गुडघे हनुवटीपर्यंत येतात आणि या आसनात कोणाचाही आवाज फार चढत नाही. आरंभ प्रार्थनेने. प्रार्थना मेंबरसाहेबच करतात आणि सभेतला सगळ्यांत धारदार भाग तोच असतो. ‘हे प्रभू, आमच्या मोठ्या बाईंना वेळेवर येण्याची सुबुद्धी दे. ज्यांनी मागच्या नाताळाच्या मंडपाचा हिशेब अजून दिला नाही, त्यांचे अंतःकरण मऊ कर.’ डोळे मिटलेले असताना खुलासा करता येत नाही. शेवटी सगळ्यांना ‘आमेन’ म्हणावे लागते, हिशेबवाल्यांनाही. प्रोसिडिंगमध्ये यातले काही येत नाही, तिथे फक्त ‘प्रार्थनेने सभेस सुरुवात झाली’ असते.

मग मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मागील सभेत त्यामागील सभेचे कायम केले, एवढाच त्यातला ऐवज. छपराच्या दुरुस्तीचा विषय चार मिनिटांत संपतो, कारण त्याला पैसे लागतात आणि ते नसतात. टाकीच्या गळक्या तोटीचा विषय मात्र पाऊण तास चालतो. तोटी प्रत्येकाच्या घरी असते. पितळी घ्यावी की प्लास्टिकची, यावर दोन तट पडतात. शिपाईमामा दाराशी उभे राहून ऐकतात आणि सोमवारी तोटीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळतात. खरी खडाजंगी ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’ इथे होते, कारण चहा तेव्हा येतो.

सभा नसते तेव्हा मेंबरसाहेब पाहणी करतात. हात पाठीमागे, चष्मा कपाळावर. वर्गात शिरून ते एखाद्या पोराला उभे करतात. ‘सतरा सत्ते?’ पोरगे म्हणते, ‘एकशे एकोणीस.’ मेंबरसाहेब क्षणभर थांबतात, बाईंकडे बघतात, बाईंची मान हलली की मग ‘शाबास’ म्हणतात. 2019 साली दुसरीच्या गणितात ‘तेवीस’बरोबर ‘वीस तीन’ असे वाचन आले, तेव्हा त्यांना पुढच्या कित्येक सभांचा विषय मिळाला. त्या वर्षी तोटीकडे कोणाचेच लक्ष नव्हते.

यावरून हा माणूस नुसता बोलण्यापुरता असतो असे कोणी समजेल, तर ते निम्मेच खरे. नळाला रोज पाणी येत नाही अशा शहरात टँकरवाल्याचा नंबर पाठ असणे ही लहान गोष्ट नव्हे. उन्हाळ्यात शाळेची टाकी कोरडी पडली की मोठ्या बाई कायदा उघडत नाहीत, मेंबरसाहेबांना फोन करतात. तासाभरात टँकर फाटकाशी उभा राहतो. पुढच्या कॅबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी मेंबरसाहेब, ड्रायव्हरला वळण कसे घ्यावे ते सांगत. प्रजासत्ताकदिनी बिस्किटांऐवजी बदनापूरकडच्या मोसंब्यांची पाटी तेच आणतात. पैसे कोणी दिले याची नोंद कुठेच सापडत नाही. फी थकली म्हणून घरी बसलेल्या मुलीच्या दारात जाऊन तिला सायकलवर बसवून आणण्याचे कामही बहुधा त्यांच्याचकडे येते. वाटेत तिला बेथेलचा इतिहास ऐकावा लागतो, एवढीच किंमत.

मुदत दोन वर्षांची असते. ती संपली की नवी समिती निवडतात, हार घालतात, जुन्या मेंबरांचे आभार मानतात. पण शेवटच्या सभेचे इतिवृत्त कायम व्हायचे राहिलेले असते, आणि त्या सभेला हजर असलेले कोणीतरी त्यासाठी हवे म्हणून नव्या समितीच्या पहिल्या सभेला मेंबरसाहेबांना बोलावणे जाते. ते येतात. प्रार्थना तेच करतात.