गुप्त दालनाचे प्रदर्शन

ज्या चंदगड तालुक्यात, गोव्याच्या सीमेवर करडी नजर ठेवण्यासाठी, शिवछत्रपतींनी पारगड वसविला, त्या मुलखातील माणसाला चोरवाटेचे प्रयोजन नव्याने शिकवावे लागत नाही. १६८९ साली राजाराम महाराज रायगडाच्या वेढ्यातून निसटले, तेव्हा बादशाही फौजेला वाटेचा सुगावा लागला नाही. आणि जुन्या वाड्यांतील बळद भिंतीच्या पोटात पोतीच्या पोती धान्य जिरवूनही कधी ढेकर देत नसे.

परंतु नुकताच नवा बंगला बांधलेल्या आमच्या एका चंदगडी यजमानांनी, आरशामागे मोठ्या खर्चाने दडविलेली खोली, चहाचा कप आमच्या हाती पडण्यापूर्वीच, देवदर्शनाच्या थाटात आम्हांस दाखविली. गवंडी, सुतार, रंगारी आणि शेजारपाजार यांना ती अर्थातच आधीपासून मुखोद्गत होती. आत दोन पोती काजूबिया आणि लग्नात आहेर म्हणून आलेली सहा भिंतीवरील घड्याळे, एवढाच काय तो खजिना!

“मग ही गुप्त कोणापासून?” असे विचारता यजमान मंद हसले. घरपट्टीच्या दप्तरात, म्हणे, तेवढे दालन अद्याप सापडलेले नाही.