पर्समधली साखर

पोटात, जठराच्या मागे, स्वादुपिंड नावाचा एक अवयव असतो. तो बिनबोभाट चालत असेल तर माणसाला आयुष्यभर त्याचं नावही कळत नाही. मला ते नववीतच कळलं, कारण माझ्या स्वादुपिंडानं इन्सुलिन तयार करणं बंद केलं. आजोबा लालबागला गिरणीत होते. त्यांनी डॉक्टरांचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘म्हणजे संप झाला म्हणायचा. मिटेल कधी?’ डॉक्टर म्हणाले, ‘आजोबा, हा मिटणारा नाही.’ घरात बाकी सगळे रडले, आजोबांना मात्र ते चटकन पटलं. १९८२चा गिरण्यांचा संप तरी रीतसर कुठे मिटला होता?

तसं बघितलं तर संप म्हणणं हा त्या पेशींवर अन्यायच आहे. टाइप वन मधुमेहात स्वादुपिंडातल्या बीटा पेशी आपण होऊन काम टाकत नाहीत. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच त्यांना परकं समजून मारून टाकते. म्हणजे कामगार पाळीवर हजर, आणि गिरणीच्याच रखवालदारानं त्यांना चोर समजून बडवलेलं. रखवालदाराची मती अशी का फिरते, हे शास्त्रज्ञांना अजून पुरतं उलगडलेलं नाही. आमच्या चाळीतल्या बायकांना मात्र ते त्याच संध्याकाळी उलगडलं होतं. ‘लहानपणी गोळ्या-चॉकलेटं फार खाल्ली असणार!’ आमच्याकडे चॉकलेट यायचं ते कुणाच्या तरी वाढदिवसाला, आणि त्याचेही भावंडांत तुकडे पडायचे. पण आईनं ते बोल मनाला लावून घेतले आणि कित्येक वर्षं घरात शिरा केला नाही. ह्या एका गोष्टीसाठी मी त्या बायकांना अजून माफ केलेलं नाही.

तेव्हापासून स्वादुपिंडाची नोकरी मी करते. बिनपगारी आणि बिनरजेची. स्वादुपिंड हे काम कुणाला न विचारता, झोपेतसुद्धा करतं. मला त्यासाठी सुई लागते, पट्टी लागते, इन्सुलिनचं पेन लागतं आणि सगळ्यात जास्त लागतो तो अंदाज. दिवसभराचा पाया सांभाळणारं एक इन्सुलिन, प्रत्येक जेवणाबरोबर घ्यायचं दुसरं. आणि ते दुसरं किती, हे पानात काय वाढलंय त्यावर. शाळेत गणितात मी जेमतेम पास व्हायची. आता पोळीचा घास मोडायच्या आधी त्रैराशिक सोडवते.

पुस्तकात लिहिलेलं असतं, एका लहान फुलक्यात साधारण १५ ग्रॅम कर्बोदकं. हा पुस्तकातला फुलका कुठल्या घरी लाटतात ते मला एकदा बघायचंय. सासूबाईंच्या हातची घडीची पोळी वेगळी, ऑफिसच्या कँटीनमधली वेगळी, आणि गावाकडची ज्वारीची भाकरी तर परातीच्या मापाची. सुरुवातीला मी वजनकाटा घेऊन बसायची. काकूनं थापलेली भाकरी मी काट्यावर ठेवली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं, त्यानंतर मी काटा कपाटात ठेवून दिला. आता नुसत्या नजरेनं बघते. पीठ किती घेतलं असेल, भाकरी काठाला जाड आहे का, आमटीत गूळ पडलाय का. कोकणस्थांच्या आमटीत तो पडलेलाच असतो, ते वेगळं मोजावं लागत नाही.

उपासाचं तर विचारूच नका. मधुमेहाच्या माणसाला जड जेवण नको, थोडा साबुदाणा चालेल, असं समजणारे भाविक अजून आहेत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात पंच्याऐंशी ग्रॅमच्या वर कर्बोदकंच असतात. वर बटाटा. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण ज्यानं केली त्याच्या घरात ग्लुकोमीटर नक्की असणार. उलट दिवाळी वाटते तितकी वाईट नाही. फराळ साखर चढवतो हे खरं, पण त्याआधीची आठवडाभराची साफसफाई ती इतकी उतरवते की माळ्यावरची भांडी घासताना मला शिडीवर बसूनच बिस्किटं खावी लागतात.

आणि नुसतं खाण्यावर भागत असतं तर काय हवं होतं! ताप आला की साखर चढते, साहेब रागावले की चढते, भारत-पाकिस्तान सामन्याची शेवटची ओव्हर असली की दोन्ही संघांसाठी चढते. स्टेशनच्या पुलावरून पळत गाडी पकडली की उतरते. कालचंच जेवण, कालचंच इन्सुलिन, कालचीच वेळ, आणि आकडा भलताच. अशा वेळी डॉक्टर ‘काल काही वेगळं केलं होतं का?’ असं विचारतात. मी जगले होते, एवढंच वेगळं.

आता लग्नाची गोष्ट. माझ्या नव्हे, मामेबहिणीच्या. इन्सुलिन जेवणाआधी पंधरा मिनिटं घ्यायचं असतं, आणि मराठी लग्नात जेवणाआधीची पंधरा मिनिटं नेमकी कुठली हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पानं मांडलेली दिसली, मीठ-लिंबू वाढून झालं, वरणभाताच्या मुदी पडताना दिसल्या. मी कोपऱ्यात जाऊन पेन टोचून आले. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, ‘थांबा, थांबा, मुलाकडचे काका अजून यायचेत.’ काका आले. मग नवऱ्या मुलीनं नाव घ्यायचं ठरलं. मग नवऱ्या मुलानं. मग हौसेनं करवलीनं. उखाण्याला उखाणा भिडला आणि पानावर हात जोडून बसलेल्या माझ्या कपाळावर घाम यायला लागला. बोटं थरथरली. समोरची रांगोळी दोन ठिकाणी दिसायला लागली. पर्स यजमानांच्या खोलीत, कुलपात. मी पानातली जिलबी उचलली.

शेजारी माई आत्या होती. तिनं माझं मनगट धरलं. ‘अगं, वेडी का काय? शुगर आहे ना तुला! ठेव ती खाली.’

‘आत्या, शुगर कमी झालीये. खाऊ दे.’

‘कमी झालीये ना? मग चांगलंच झालं की! पुन्हा कशाला वाढवतेस?’

ह्या युक्तिवादाला माझ्याकडे आजही नीटसं उत्तर नाही. तेव्हा तर नव्हतंच, कारण साखर उतरली की पहिल्यांदा मेंदूच मंदावतो. त्याला दुसरा खुराक चटकन चालत नाही. माणूस बरळतो, चिडतो, अडखळतो, आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं की घेऊन आलाय. मी आत्याला काहीतरी लागेल असं बोलले म्हणतात. ती जिलबी शेवटी मला खायला मिळाली ती मठ्ठा वाढणाऱ्या पोराच्या कृपेनं. त्यानं माझा चेहरा बघितला, मठ्ठ्याची बादली खाली ठेवली आणि माझ्या पानात आणखी दोन जिलब्या टाकल्या. त्याच्या आईला हाच आजार असल्याचं त्यानं नंतर हात धुताना सांगितलं. पंधरा-वीस मिनिटांनी मीटरवर ७४ दिसले आणि मी आत्याची क्षमा मागितली. तिनं ती दिली, आणि वर विचारलं, ‘मग आता गुलाबजाम नको ना?’

नियम तसा सोपा आहे. साखर ७०च्या खाली गेली की १५ ग्रॅम साखर पोटात जायला हवी, म्हणजे चहाचे तीन सपाट चमचे, पाण्यात ढवळून. मग १५ मिनिटं थांबायचं आणि पुन्हा तपासायचं. जिलबी-पेढ्यापेक्षा साखरेचं पाणी बरं, कारण तुपातलं गोड रक्तात उतरायला वेळ लावतं. पण तेव्हा कोण निवडत बसतो? आणि त्या १५ मिनिटांत नुसतं थांबायचं, ही अट घालणाऱ्याची साखर कधी उतरली नसावी. त्या वेळी अंगातली प्रत्येक पेशी ‘आण, आण’ म्हणून ओरडत असते, आणि फ्रिज उघडा असतो.

फ्रिज हे आमच्या घरातलं दुसरं देवघर. दाराच्या खणात, लिंबांच्या शेजारी, माझी पेनं. इन्सुलिनला दोन ते आठ अंश लागतात. सुरू केलेलं पेन महिनाभर बाहेर चालतं, पण तीस अंशांच्या आत, आणि मे महिन्यात डोंबिवलीत तीस अंश पहाटे चारलाच भेटतात. ज्यांच्या गावी वीज दिवसाचा निम्मा वेळ गायब असते ती माणसं दोन मडक्यांच्या मधे ओली वाळू घालून आतल्या मडक्यात इन्सुलिन जपतात, आणि ते जपलंही जातं. आमच्याकडे उलटा प्रकार झाला. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात सासूबाईंनी माझ्या काळजीपोटी सगळा साठा बर्फाच्या खणात ठेवला. गोठलेलं इन्सुलिन कामाचं राहत नाही. हे कळल्यावर त्या इतक्या कष्टी झाल्या की मलाच त्यांना साखरेचं पाणी द्यायची वेळ आली.

लग्न ठरताना काय काय ऐकावं लागलं ते सांगत नाही, प्रत्येक घरी थोड्याफार फरकानं तेच असतं. पण ज्याच्याशी ठरलं त्यानं दुसऱ्याच भेटीत विचारलं, ‘लो झालीस तर मी नक्की काय करायचं?’ पत्रिका नंतर जुळवली. आता दंडावर सेन्सर असतो आणि रात्री साखर उतरली की माझा मोबाईल कोकलतो. मी उठत नाही, तो उठतो. कधीकधी मी नुसती त्या दंडावर दाबून झोपलेली असते. सेन्सर दबला की खोटाच कमी आकडा दाखवतो. रात्री तीन वाजता हातात ग्लुकोजचं पाणी घेऊन उभ्या असलेल्या नवऱ्याला ‘काही नाही, कूस बदलली’ असं सांगायला धीर लागतो.

औषधं सुचवणाऱ्यांवर मी रागावत नाही. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, भिजवलेल्या मेथ्या, विजयसारच्या लाकडाच्या पेल्यातलं पाणी, सगळं मला प्रेमानंच सुचवलं गेलंय. कारल्याची भाजी तर मी आवडीनं खाते. पण ह्याच्यापुढे एक वाक्य येतं, ‘मग इंजेक्शन हळूहळू सुटेल,’ आणि तिथे माझं हसणं थांबतं. टाइप टू मधुमेहात शरीर थोडंफार इन्सुलिन बनवत असतं, तिथे गोळ्या, पथ्य, व्यायाम ह्यांना वाव असतो. आमच्याकडे गिरणीच बंद. इन्सुलिन थांबवलं तर काही दिवसांत रक्तात आम्ल साचतं आणि जिवावर बेततं.

१९२२च्या आधी ते प्रत्येकाच्याच जिवावर बेतायचं. मुलांना उपाशी ठेवून थोडे महिने लांबवणं, एवढाच उपाय डॉक्टरांच्या हातात होता. त्या जानेवारीत टोरांटोमध्ये लेनर्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. ते नीट शुद्ध नव्हतं, त्याला रिअॅक्शन आली. कॉलिप नावाच्या संशोधकानं अर्क शुद्ध करून दिला, दोन आठवड्यांच्या आत दुसरं इंजेक्शन दिलं आणि मुलाची साखर उतरली. संशोधकांनी पेटंट विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं. औषधाच्या दुकानात महिन्याचं बिल हातात आलं की मला तो डॉलर हमखास आठवतो. त्या संशोधकांपैकी फ्रेडरिक बँटिंगचा जन्म १४ नोव्हेंबरचा, म्हणून जागतिक मधुमेह दिन त्याच दिवशी असतो. आपल्याकडे तो बालदिन. शाळेत त्या दिवशी वर्गात लाडू वाटतात आणि टाइप वनच्या एखाद्या पोरापुढून ताट तसंच पुढे सरकतं. त्यालाही लाडू द्यावा, हिशेब तो करेल. सीबीएसईनं २०१७ साली अशा मुलांना परीक्षेच्या खोलीत खाऊ न्यायची परवानगी दिली, हे पर्यवेक्षकांनीही लक्षात ठेवलेलं बरं.

लोकलच्या लेडीज डब्यातल्या माझ्या मैत्रिणींना आता काही सांगावं लागत नाही. एकीच्या पर्समध्ये फ्रूटीचा डबा माझ्या नावानं असतो. तिचा मुलगा तो अधूनमधून पिऊन टाकतो आणि ती न बोलता दुसरा आणून ठेवते.

तेव्हा एक विनंती आहे. घाम फुटलेला, थरथरणारा, जरा वेड्यासारखं बोलणारा कुणी गाडीत किंवा पंगतीत तुमच्याकडे साखर मागेल, तर त्याला मधुमेह आहे का हे विचारत बसू नका. असेल म्हणूनच मागतोय. साखर द्या, ती खाऊ द्या, आणि पंधरा मिनिटं जवळ बसा. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जातं. सरळ १०८ला फोन करा.