नियमपुस्तिका न उघडण्याचे फायदे

खेळाडूने नियम वाचू नयेत आणि वाचणाऱ्याच्या सावलीलाही उभं राहू नये, हे आपल्या विद्यापीठीय क्रीडाजगताने अनुभवाने सिद्ध केलेलं तत्त्व आहे. बुटांना पैसे लागतात, रॅकेटला लागतात, प्रोटीनच्या डब्याला लागतात. त्यातून जाणत्या माणसाला पाच मिनिटं विचारायचं म्हणजे चैनच झाली.

बेंगळुरूत विचारण्याचा हा मोह आवरणं विशेष अवघड. नागरभावीला नॅशनल लॉ स्कूल आहे. कब्बन पार्कच्या एका अंगाला कांतीरवा स्टेडियम, दुसऱ्या अंगाला हायकोर्ट. मधल्या झाडीतून चालत गेलं की वकील भेटतो. तरीही इथला विद्यार्थी खेळाडू त्या वाटेला जात नाही, यावरून त्याचा संयम लक्षात यावा.

आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी एआययूच्या, म्हणजे भारतीय विद्यापीठ संघाच्या, पात्रतेच्या मुख्य अटी तशा कठीण नाहीत. वय 17 ते 25, नियमित विद्यार्थी, अभ्यासक्रम किमान एका शैक्षणिक वर्षाचा. चहा येईपर्यंत वाचून होतील. धोका आहे तो तिथेच.

बेळगावहून आलेला एखादा पाटील घ्या. दहावीच्या एसएसएलसी मार्क्स कार्डावर तो ‘सचिन आर. पी.’, आधारवर ‘पाटील सचिन रामचंद्र’, कॉलेजच्या आयकार्डावर नुसता ‘सचिन’. हे तिघे एकच, असं प्रतिज्ञापत्र जूनमध्येच करून ठेवता येतं. पण जूनमध्ये प्रतिज्ञापत्र करणाऱ्याला मित्र भित्रा म्हणतात. खरा खेळाडू शेवटच्या दिवशी संध्याकाळी साडेचारला पी.डी. (शारीरिक शिक्षण संचालक) सरांच्या खोलीबाहेर मांडीवर फॉर्म ठेवून भरतो. स्टेपलची पिन फोटोतल्या कपाळातून आरपार गेलेली असते, जन्मतारखेवरचा व्हाइटनर ओला असतो. सर न बघता सही करतात आणि ‘आगुत्ते बिडु’, म्हणजे होईल रे सोड, असा कायदेशीर अभिप्राय देतात. त्याहून खोल सल्ला हवा असेल तर गेल्या वर्षी बाद झालेला सीनियर आहेच. त्याला अनुभव असतो.

या पद्धतीला जुलै 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय कीर्ती मिळाली. जर्मनीतल्या ऱ्हाइन-रूर जागतिक विद्यापीठ स्पर्धेला आपले 12 बॅडमिंटनपटू गेले. मॅनेजरांच्या बैठकीत नावं द्यायची होती. नीट गेली ती 6. बाकीच्या सहा जणांना सांघिक स्पर्धेत खेळताच आलं नाही. संघाने तरीही मिश्र सांघिक कांस्यपदक आणलं. निम्म्या माणसांत पदक, याला काटकसर म्हणतात. मग चौकशी जाहीर झाली, म्हणजे कागदपत्रांची काळजी कुणी घेत नाही असंही म्हणता येणार नाही.

उलट तज्ज्ञाला विचारलं की काय अनर्थ होतो, ते धावपटू द्युती चंदने दाखवलं. 2014 मध्ये टेस्टोस्टेरॉन जास्त म्हणून तिला राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून वगळलं. मुकाट घरी बसायचं सोडून तिने पायोष्णी मित्रा यांच्यासारख्या अभ्यासकाची मदत घेतली. फी न घेणारे कॅनडातले वकील उभे राहिले, प्रकरण स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाकडे गेलं आणि जुलै 2015 मध्ये लवादाने टेस्टोस्टेरॉनचा तो नियमच स्थगित केला. पुढे ती रिओ ऑलिंपिकमध्ये धावली आणि 2019 मध्ये नेपल्सच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत 100 मीटर 11.32 सेकंदांत जिंकली. एका मुलीने विचारलं तर एवढं झालं. सगळ्यांनीच विचारलं तर ऑफिसं चालायची कशी?

शिवाय शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं वाडवडील सांगून गेलेत. बॅडमिंटनपटू लक्ष्य सेनच्या वयाबद्दलची फौजदारी तक्रार बेंगळुरूतलीच. तिचा मुख्य आधार त्याच्या वडिलांचा 1996 सालचा भविष्य निर्वाह निधीचा एक फॉर्म. वैद्यकीय तपासण्या झाल्या, क्रीडा प्राधिकरणाची चौकशी झाली, तरी प्रकरण हायकोर्टातून दिल्लीला गेलं, आणि 28 जुलै 2025 ला सुप्रीम कोर्टाने ती फौजदारी कारवाई रद्द केली. कागद स्वच्छ असूनही एवढी पायपीट होते. मग ते नीट लावून ठेवण्यात हशील काय?

तेव्हा ज्यांना ही परंपरा पुढे न्यायची आहे त्यांनी अपात्रतेची नोटीस आली की घाबरू नये. उत्तराला सात दिवस असतील तर सहा दिवस ती देवघरात ठेवावी. सातव्या दिवशी मामाच्या ओळखीच्या वकिलाला फोन लावावा. तो जन्मभर जमिनीचेच दावे चालवत आला असला तरी बिघडत नाही. मैदान म्हणजे तरी काय, जमीनच.